न्हाणीमागचं डाळिंब

आमच्या न्हाणीमागचं डाळिंब कोणी लावलेलं नव्हतं. कुणीतरी खाऊन थुंकलेल्या दाण्यातून ते उगवलं असणार. पण हे मायसमोर बोलायची सोय नव्हती. "उगवलं असंल आपोआप, वाढलं न्हाई आपोआप," असं ती म्हणायची आणि समोरच्याकडं अशी बघायची की तो पुढचं वाक्य गिळून टाकायचा. तिचं म्हणणं खरंच होतं. बोरीपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. आम्हा बौद्धांची घरं गावाच्या एका कडेला, आणि त्यातलं आमचं अगदी शेवटचं. मागं शहाबादी फरशीचे तुकडे बसवून केलेली न्हाणी, न्हाणीचं पाणी वाहून जायला मायनं खुरप्यानं ओढलेली नाली, आणि नालीच्या टोकाला हे डाळिंब. त्याच्यामागं छातीएवढी दगडमातीची भिंत. भिंतीपलीकडं माणिकरावांचं शेत.

झाड म्हणावं तर ते झाड नव्हतं, झुडूपच होतं. बुडातून सारखे फुटवे फुटायचे आणि माय ते विळ्यानं खरवडून काढायची. चुलीतली राख, तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, जे काही घरात उरायचं ते त्याच्या बुडाशी जायचं. कपडे धुवायच्या दिवशी मात्र ती ओलं पोतं आडवं टाकून नाली दुसरीकडं वळवायची. साबणाच्या पाण्यानं त्याला जळजळ होते, असं तिचं मत होतं. शाळेत शिपाई असलेले आमचे आबा पहाटे थंड पाण्यानं अंघोळ करायचे. त्यांचा तांब्या फरशीवर आपटल्याचा आवाज, मग खळखळ, आणि मग माय ओरडायची, "अजून दोन तांबे घ्या की! झाड तहानलंय." आबा कुडकुडत आणखी दोन तांबे घ्यायचे. आबांना गावात कोणी भित्रा म्हणायचं, कोणी गरीब म्हणायचं. मला ते त्या दोन तांब्यांमुळं आठवतात.

फुलं आली की घराची मागची बाजू पेटल्यासारखी दिसायची. जाड, मेणासारखी लाल वाटी आणि तिच्यातून बाहेर आलेल्या चुरगळलेल्या पाकळ्या, धुऊन न झटकता वाळत घातलेल्या कापडासारख्या. त्यात दोन तऱ्हेची फुलं असायची. काहींचं बूड मडक्यासारखं फुगीर, ती फळ धरायची. काहींचं बूड निमुळतं, ती चार दिवस मिरवून गळून पडायची. त्यांना माय 'उडाणटप्पू' म्हणायची आणि माझ्याकडं बघून हसायची. गळालेली फुलं ती वेचून घ्यायची, पौर्णिमेला बुद्धाच्या मूर्तीपुढं स्टीलच्या ताटलीत मांडायची. फळं मोठी व्हायला लागली की खारींपासून आणि पोपटांपासून वाचवायला प्रत्येक फळाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. फळ उतरलं की परातीत दाणे सोलले जायचे, त्याचा टपटप आवाज व्हायचा. दाण्यांवर मीठ आणि तिखट टाकून आम्ही ज्वारीच्या भाकरीबरोबर खायचो. साल पत्र्यावर वाळायची, खोकल्याला कामी यायची.

आज मी परभणीत राहतो. आमच्या गल्लीत एका घरासमोर शोभेचं बुटकं डाळिंब कुंडीत लावलेलं आहे. फुलांनी लगडलेलं असतं, फळं लिंबाएवढी. येणारेजाणारे थांबून कौतुक करतात. मीही थांबतो, पण माझा हात पानाखाली जातो. मी पान उलटून बघतो, उजेडासमोर धरतो. घरमालकीण एकदा म्हणाली, "सर, काही हरवलं का?" मी पान सोडून दिलं.

माणिकरावांच्या घराबद्दल मला चांगलं लिहिता येणार नाही. प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही. त्यांची बायको, जिला आम्ही मोठी काकू म्हणायचो, रोज सकाळी भिंतीशी येऊन ताटली पुढं करायची. माय फुलं तोडून वरून सोडायची. ती फुलं त्यांच्या देवाला चालायची. एका वर्षी मायनं पहिलं फळ सोलून वाटीभर दाणे पाठवले. वाटी तशीच परत आली. "पोरं खात न्हाईत डाळिंब," असा निरोप. दुसऱ्या वर्षी मायनं परत पाठवले. "आज उपास हाय." तिसऱ्या वर्षी माय म्हणाली, "उपासाला डाळिंब चालत न्हाई हे मला नवीनच कळायलंय," आणि पाठवणं बंद केलं. फुलं मात्र देत राहिली. मी चिडायचो. ती म्हणायची, "फुलाचं अन् आपलं भांडन न्हाई."

आणि ज्यांची पोरं डाळिंब खात नव्हती, त्या माणिकरावांनी कापूस मोडून डाळिंबाची बाग लावली. देवगाव फाट्यावरून टेम्पो भरून रोपं आली. ठिबकच्या काळ्या नळ्या अंथरल्या गेल्या. आमच्या भिंतीपलीकडं बघताबघता कंबरेएवढ्या झाडांच्या ओळी उभ्या राहिल्या. बहार धरायच्या आधी ते झाडांचं पाणी तोडायचे, म्हणजे झाड ताणावर जातं, पानं गाळतं आणि पाणी मिळताच अंगभर फुलतं. भिंतीवरून ती निष्पर्ण झाडं बघून माय म्हणायची, "लेकराला उपाशी ठेवून कामाला लावायलेत."

बारावीनंतर पुढं काय, याचा पत्ता नव्हता, तेव्हा मी त्या बागेत छाटणीला जायला लागलो. माणिकरावांनी मला छाटणी शिकवली, हे लिहायलाच पाहिजे. माझं मनगट स्वतःच्या हातात धरून त्यांनी कात्रीचा कोन दाखवला. "फूट निघते त्या डोळ्याच्या वर काप, तिरपं. पाणी थांबलं न्हाई पाहिजे. घाई करू नगंस, मिलिंद, झाड कुठं पळून चाललं न्हाई." माझा हात लवकर बसला. महिन्याभरात ते बाकीच्यांना माझ्या ओळी दाखवायला लागले. "बगा, ह्याला म्हनतेत छाटणी." मला ते शब्द आवडायचे. इतके आवडायचे की दुपारच्या जेवणाला काकू बाकीच्या गड्यांना स्टीलचं ताट द्यायची आणि मला थर्माकोलची पत्रावळ, ते मी बघून न बघितल्यासारखं करायचो. ताटं कमी आहेत, असं पहिल्या दिवशी ती म्हणाली होती. ताटं शेवटपर्यंत कमीच राहिली.

प्रत्येक ओळीच्या टोकाला एक बादली असायची. औषधाच्या पाण्याची. एक झाड झालं की कात्री त्यात बुडवायची, मग दुसऱ्या झाडाला लावायची. हा बागेचा नियम होता आणि माणिकराव त्याबाबतीत कडक होते. कडेच्या ओळीत काम करताना मला एका झाडाच्या पानांवर डाग दिसले. तेलाचं बोट लागल्यासारखे, उजेडात धरले तर आरपार पिवळट. मी माणिकरावांना हाक मारली. त्यांनी पान बराच वेळ बघितलं. मग डाग असलेली पानं स्वतः खुडली आणि खिशात घातली. "औषधाचं पानी उडालं असंल. तू कुठं बोलू नगंस, व्यापारी लय भितरा असतो." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मालकानं मला विश्वासात घेतलं, एवढंच वाटलं.

छाटणी संपत आली त्या दिवशी ते म्हणाले, "कात्री घिऊन जा घरी. तुज्या मायच्या झाडाला बी एक हात फिरव. लय दाटलंय ते." त्यांनी आमच्यासाठी केलेली ही एकमेव गोष्ट, आणि ती त्यांनी मनापासून केली होती. मी कात्री घेऊन आलो. माय पायरीवर बसून बघत होती. मी आतल्या आडव्या फांद्या काढल्या, मध्ये उजेड पाडला. ती म्हणाली, "अगं बाई, मास्तर झालास की!" घरी बादली नव्हती. मी बादलीचा विचारही केला नाही. बागेत जे शंभर वेळा केलं ते घरी एकदाही केलं नाही; कारण घरचं झाड म्हणजे मायचं झाड होतं, त्याला कसला आजार असणार?

त्या पावसाळ्यात डाळिंब जसं फुललं तसं आधी कधी फुललं नव्हतं. माय चिंध्या पुरत नाहीत म्हणून शेजाऱ्यांकडं मागत हिंडली. मग झड लागली. सूर्य दिसेना, भिंत ओली, सरपण ओलं, आबांची अंघोळसुद्धा बंद. झड उघडली तेव्हा पानांवर तेच डाग होते. मग फळांवर काळे ठिपके आले, ठिपक्यांतून चिरा गेल्या आणि चिंधीतल्या चिंधीत फळं उकलली. माय एकेक चिंधी सोडायची, बघायची आणि परत बांधायची. झाकल्यानं ते बरं होणार असल्यासारखी.

भिंतीपलीकडून ते माणिकरावांच्या नजरेला पडलं. ते भिंतीशी आले. आधी 'तुमी' म्हणाले.

"गयाबाई, तुमच्या झाडाला तेल्या लागलाय. आजच्या आज उपटा अन् जाळा."

"लागला असंल. तुमच्या बागाला कसा हाय?"

"माझा बाग चोख हाय. हे झाड राहिलं तर राहनार न्हाई."

"मग बागाला सांगा तिकडं सरकायला."

"गया, मी नीट बोलायलोय."

"मी बी नीटच बोलायलेय. झाड माझं हाय. तुमी सांगितलं म्हनून न्हाई जाळनार."

'तुमी'चं 'तू' होईपर्यंत हे चाललं. मग रोज चाललं. काकूची ताटली भिंतीशी यायची बंद झाली. आमची नाली जिथून त्यांच्या बांधाकडं जायची तिथं त्यांनी मुरूम टाकला. अंघोळीचं पाणी न्हाणीतच तुंबायला लागलं. मायनं नालीचं तोंड फिरवून पाणी मुद्दाम भिंतीच्या पायाशी सोडलं. त्यांच्या गड्यांनी आमच्याशी बोलणं सोडलं. मला कामावर बोलवणं थांबलं. आबा मायला म्हणाले, "गया, झाडच हाय ते. काढून टाकू." माय म्हणाली, "तुमाला अंघोळीला थंड पानी चालतं, मला न्हाई चालत."  मला तेव्हा आबांची चीड आली होती. घरात सगळ्यांना सगळ्यांची चीड होती. भाकरी थापल्याच्या आवाजातसुद्धा ती ऐकू यायची.

एक दिवस माणिकराव कृषी कार्यालयातल्या एका तरुण साहेबांना घेऊन आमच्या अंगणात आले. बरोबर बाग बघायला आलेला व्यापारी आणि गावातले चारपाच जण. चपला न काढता ते सरळ न्हाणीमागं गेले. साहेबांनी पान उलटलं आणि मान हलवली. माय हाताची घडी घालून उभी होती.

"बघितलं न्हवं साहेब?" माणिकराव म्हणाले. "माज्या बागात आता चार झाडांवर दिसायलंय. सगळं हितून आलंय. एवढा जपलेला बाग बाटवला ह्यांनी."

 माय म्हणाली, "काय केला?"

"तेच. खोटं हाय का?"

"परत म्हना."

ते परत म्हणाले नाहीत. पण मी ऐकलं होतं. शिवून बाटवणारे म्हणून जो शब्द आमच्या आज्ज्याला मिळाला होता, तो आता आमच्या झाडाला मिळाला होता. माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी पुढं झालो.

"साहेब, डाग आधी ह्यांच्या बागात होते. कडेच्या ओळीत. उन्हाळ्यात. मी दाखवले, ह्यांनी पानं खुडून खिशात घातली. व्यापाऱ्याला कळू दिऊ नगंस म्हनले."

व्यापाऱ्यानं माणिकरावांकडं बघितलं. माणिकराव माझ्याकडं बघत होते.

"माज्याच घरी जेवून माज्यावरच उलटलास व्हय रे? माज्या ताटात जेवलास."

"ताटात कधी दिलं? पत्रावळीवर दिलं."

गावातल्यांपैकी एक जण हसला आणि लगेच खोकला. साहेब तरुण होते, त्यांना यातलं काही नको होतं. त्यांनी मला विचारलं, "छाटणी तूच केली का दोन्हीकडं? कात्री कोणती?"

"ह्यांचीच."

"प्रत्येक झाडाला बुडवत होतास?"

"बागात बुडवायचो."

"आणि घरी?"

मी खरं सांगितलं. घरी नाही. साहेब म्हणाले, "मग रोग तुझ्याच हातानं आला इकडं. आता कोणाचं आधी यात अर्थ नाही. इथलं पण काढा, तिथली सगळी बाग पण काढा. जाळा." व्यापारी चप्पल झटकत आधीच निघाला होता. गावात त्याच्यामागून दुसरा कोणी व्यापारी आला नाही.

आम्ही जिंकलो होतो. मला तसंच वाटत होतं. माणिकरावांची मान खाली होती आणि ती मी खाली घालायला लावली होती. त्यांचा घाम, त्यांची वर्षानुवर्षांची राबणूक, मनगट धरून मला शिकवलेला कोन, हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं, आणि तरीही मी आतून नाचत होतो. तो आनंद इतका स्वच्छ होता की त्यानंतरच्या आयुष्यात कुठल्याच यशाला तशी चव आली नाही. नोकरी लागली तेव्हाही नाही. हे सांगायला लाज वाटते, म्हणूनच सांगतो आहे.

माणसं गेली. माय कुदळ घेऊन न्हाणीमागं गेली. मी म्हटलं, "आता कामून? आपलं खरं ठरलं की."

"खरं ठरलं म्हनूनच. आता कोनाचं ऐकून न्हाई काढत."

मी कुदळीला हात घातला. तिनं ती माझ्या हातातून ओढून घेतली. "तू नगं हात लावू." तिनं मला जन्मात कधी असं म्हटलं नव्हतं. बाहेरच्यांनी म्हटलेलं मला पाठ होतं. मी न्हाणीच्या फरशीवर उभा राहिलो. ती एकटी खणत होती. डाळिंबाची मुळं सांडपाण्यानं पोसलेली, भिंतीच्या दगडांत शिरलेली, ती सुटायला तयार नव्हती. आबा शाळेतून आले, पिशवी ठेवली आणि पलीकडून ओढायला लागले. संध्याकाळी त्यांनी ते चिंध्यांसकट पेटवलं. ओल्या लाकडाचा धूर घरभर झाला. मायनं त्या धुरातच पिठलं केलं. आम्ही जेवलो.

सकाळी तिनं माझ्यापुढं भाकरीचं गाठोडं ठेवलं. "बागात जा."

"कुनाच्या?"

"माणिकरावाच्या. तेवढी झाडं उपटायची म्हंजे मान्सं लागतेत. व्यापारी गेला, आता कोनी जायचं न्हाई त्याच्याकडं."

"माय, त्यानं आपल्याला काय म्हनलं ते ऐकलंस न्हवं?"

"तुज्यापेक्षा नीट ऐकलं. त्याचं त्याच्यापाशी. कात्री तू आनलीस."

मी गेलो. माणिकराव फाटकाशी उभे होते, एकटे, हातात पहार. मागं बागेत त्यांची म्हातारी आई आणि काकू फांद्या ओढत होत्या. गडी एकही नव्हता. मी म्हटलं, "काका, मायनं पाठवलंय." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पहारीनं जमिनीवर रेघ ओढावी तशी हालचाल केली. "ह्याच्या आत पाय टाकू नगंस." मी फाटकाबाहेर उभा राहिलो. ऊन वर चढलं. त्यांनी एक झाड काढलं, दुसरं काढायला घेतलं, मध्येच बसले. मला हाक मारतील असं वाटत होतं. आणि मारली तर आपण जाऊ नये, असंही वाटत होतं. जेवणवेळेला मी घरी आलो. गाठोडं तसंच होतं.

"काय म्हनला?" मायनं विचारलं.

"आत यिऊ दिलं न्हाई."

"मग उद्या परत जा."

दुसऱ्या दिवशी मी गाठोडं घेऊन निघालो, बोरीच्या स्टँडवर गेलो आणि परभणीच्या गाडीत बसलो. एका मित्राच्या खोलीवर राहिलो. तिथंच काम मिळालं, तिथंच शिकलो, तिथलाच झालो. महिनाभरानं आबा भेटायला आले, तेव्हा सहज बोलावं तसे बोलून गेले, "तू गेल्याचं कळलं त्या दिवशी तुजी मायच गेली बागात."

माय आता माझ्याजवळ राहते. कमी ऐकते, पण विचारलं तर नीट उत्तर देते. तिला फाटकाच्या आत घेतलं होतं की ती उन्हात बाहेर उभी राहिली होती, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.